ज्या मॉडेलचे ग्लायडर त्याने जगभर विकले, त्याच मॉडेलने त्याचा जीव घेतला

समजा, पिंप्राळ्यातल्या एखाद्या पोराच्या डोक्यात खूळ शिरलं. रात्री मोबाईलवर रील बघताना त्याला डोंगरावरून उडी मारून पक्ष्यासारखा तरंगणारा माणूस दिसला, आणि त्याने ठरवलं की आपणही हँग ग्लायडर घ्यायचा. जळगावात तो मिळणार नाही. मग परदेशातून मागवला. लांबलचक खोका न्हावा-शेव्याला उतरला आणि कस्टमच्या साहेबाने विचारलं, यात काय आहे?

आता उत्तर काय द्यायचं? ॲल्युमिनियमचे पाइप आणि कापड म्हणायचं? खेळाचं सामान म्हणायचं? तंबू म्हणून खपवायचं?

भारताच्या कस्टम टॅरिफमध्ये याचं उत्तर लिहिलेलं आहे. प्रकरण ८८, विमानं आणि अंतराळयानं. त्यातलं कलम ८८०१ हे इंजिन नसलेल्या उडत्या वस्तूंचं, म्हणजे फुगे, हवाई जहाजं आणि ग्लायडर यांचं. ग्लायडर आणि हँग ग्लायडर यांना तिथे ८८०१ ०० १० असा स्वतःचा आठ आकडी नंबर आहे. थोडक्यात, त्या खोक्यात कायद्याच्या नजरेने विमान आहे.

गंमत पुढे आहे. त्याच पोराने हँग ग्लायडरऐवजी पॅराग्लायडर मागवला, तर तो ८८०१ मध्ये बसत नाही. तो जातो ८८०४ मध्ये, पॅराशूटच्या पंगतीला. का, तर हँग ग्लायडरला सांगाडा असतो आणि पॅराग्लायडर म्हणजे नुसतं कापड आणि दोऱ्या. हँग ग्लायडरखाली इंजिन आणि तीन चाकं लावली की तो ८८०२ मध्ये सरकतो. नुसते सुटे भाग मागवले तर ८८०७. पण सगळे भाग एकाच खोक्यात असतील आणि जोडल्यावर पूर्ण ग्लायडर होत असेल, तर तो सुटा असला तरी पूर्ण ग्लायडरच धरतात. त्यामुळे खोलून आणला, आता भाग म्हणून लावा, ही हुशारी चालत नाही.

कर लागतो तो नुसत्या किमतीवर नाही, त्यात जहाजाचं भाडं आणि विमाही धरतात. दर बजेटगणिक हलतात, म्हणून मागवायच्या दिवशीचा दर बघावा. शिवाय हे विमान असल्यामुळे एकट्या कस्टमचा शिक्का पुरत नाही, विमान वाहतूक खात्याकडेही जावं लागतं.

एवढी काटेकोर वर्गवारी वाचल्यावर एक प्रश्न पडतोच. ग्लायडर नावाचा माल पहिल्यांदा देशाची हद्द ओलांडून गेला तो कधी? आणि पाठवणारा कोण होता?

त्याचं नाव ओट्टो लिलिएन्थाल.

राइट बंधू सगळ्यांना माहिती असतात. लिलिएन्थाल आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात फार तर एका ओळीत येतो. पण राइट बंधूंनी ज्याला गुरुस्थानी मानलं तो हा माणूस.

ओट्टोचा जन्म २३ मे १८४८ चा, प्रशियातल्या आंक्लाम नावाच्या छोट्या गावातला. आज हे गाव जर्मनीच्या ईशान्येला आहे. बापाचा कापडाचा धंदा होता, पण तो काही धड चालला नाही. घरात आठ पोरं जन्मली, जगली तीन. ओट्टो, त्याच्या पाठचा गुस्ताव आणि बहीण मारी. धंदा बुडाल्यावर घर अमेरिकेला हलवायचं ठरत होतं, तेवढ्यात १८६१ मध्ये बाप वारला. आईने एकटीने तिघांना वाढवलं.

आंक्लामच्या आसपास दलदलीची कुरणं आहेत आणि तिथे करकोचे उतरतात. लांब पायांचे, पांढरे, काळ्या पंखांचे. ओट्टो आणि गुस्ताव तासन्‌तास त्यांच्याकडे बघत बसायचे. पोरांनी एक गोष्ट टिपली. करकोचा जमिनीवरून उठताना वाऱ्याच्या दिशेने पळत नाही, वाऱ्याला तोंड देऊन पळतो. आपल्याकडे पतंग उडवणाऱ्या कुठल्याही पोराला हे पाठ असतं, पण माणसाच्या उडण्याशी त्याचा संबंध जोडायचं या दोघांना सुचलं.

ओट्टो चौदा वर्षांचा असेल तेव्हा दोघांनी लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे पंख बनवले, हाताला बांधले आणि गावाबाहेरच्या टेकाडावरून पळत सुटले. अर्थात काही झालं नाही. पण ही धावपळ रात्रीची चालायची. दिवसा केलं तर शाळेतली पोरं टिंगल करतील, ही भीती. माणसाला उडता येईल असं म्हणणारा तेव्हा येडा ठरायचा, आणि ही टिंगल पुढे तीस वर्षं त्याच्या मागे राहिली.

ओट्टो पॉट्सडॅमच्या तांत्रिक शाळेत शिकला, बर्लिनच्या कारखान्यात उमेदवारी केली आणि तिथल्या औद्योगिक अकादमीतून इंजिनिअर झाला. शिक्षण संपतंय तोच १८७० चं फ्रान्सबरोबरचं युद्ध सुरू झालं. तो सैनिक म्हणून गेला आणि परतल्यावर पुन्हा प्रयोगाला लागला.

प्रयोग साधाच होता, पण त्यात चिकाटी लागायची. एक उभा खांब, त्यावर गोल फिरणारा आडवा दांडा. दांड्याच्या टोकाला पंखाच्या आकाराचा तुकडा लावायचा, वजन सोडून दांडा फिरवायचा आणि हवा त्या तुकड्याला किती वर ढकलते, किती मागे ओढते, हे मोजायचं. मग तुकड्याचा कोन थोडा बदलायचा आणि पुन्हा मोजायचं. मग आकार बदलायचा. पुन्हा मोजायचं.

यातून निघालेली गोष्ट अशी. सपाट फळीपेक्षा किंचित कमान असलेला पंख हवेत जास्त उचलला जातो आणि त्याला अडथळाही कमी होतो. पाखडायचं सूप सोसाट्याच्या वाऱ्यात हातात धरून बघा, ते सपाट पुठ्ठ्यासारखं नुसतं मागे ढकललं जात नाही, हातातून वर निघू बघतं. मे महिन्यातल्या अवकाळीत आपल्याकडे घरावरचे पत्रे उडतात, तेही वाऱ्याने ढकलून नाही तर वर उचलले जाऊन उडतात. पक्ष्याच्या पंखाला ही कमान उपजत असते. हे इतरांच्याही लक्षात आलं होतं. लिलिएन्थालने त्याचे आकडे काढले, ही त्याची कमाई.

हे आकडे १८७४ पर्यंत त्याच्या हातात होते. छापले कधी? १८८९ मध्ये. मधली पंधरा वर्षं त्याने ते कपाटात ठेवले.

कारण पोट. त्या काळात उडण्याचा नाद म्हणजे फुग्यांचा नाद होता. हवेपेक्षा जड वस्तू माणूस उडवू शकेल, यावर मोठमोठ्या शास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता. अशा विषयात नाव गुंतलं तर इंजिनिअर म्हणून काम कोण देणार? म्हणून लिलिएन्थाल आधी संसाराला लागला. १८७८ मध्ये त्याने एका खाणकामगाराच्या मुलीशी, आग्नेसशी लग्न केलं. चार मुलं झाली.

या काळात दोघा भावांनी एक खेळणं बनवलं. वाळू, खडू आणि जवसाचं तेल यांच्या मिश्रणातून दगडासारख्या टणक विटा, मुलांना घरं, पूल, किल्ले रचायला. आजच्या लेगोची ही पणजीच म्हणा. माल झकास होता, पण विकायची अक्कल दोघांनाही नव्हती. १८८० मध्ये त्यांनी ही कल्पना रिश्टर नावाच्या कारखानदाराला हजार मार्कला देऊन टाकली. रिश्टरने तिची जाहिरात केली, नांगराचं चिन्ह लावलं आणि ती खेळणी देशोदेशी पाठवून गडगंज झाला. पुढे भावांनी पुन्हा तसल्या विटा काढायचा प्रयत्न केला तेव्हा रिश्टरने कोर्टात खेचलं. भाऊ हरले, आणि भुर्दंड पडला तो वेगळाच.

माझं मत विचाराल तर पुढच्या लिलिएन्थालला समजून घ्यायला हा प्रसंग महत्त्वाचा आहे. चांगली वस्तू बनवणं आणि ती बाजारात नेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो हजार मार्कांत शिकला. नंतर त्याने जे काढलं त्याचं पेटंट घेतलं, किंमत ठरवली आणि स्वतः विकलं.

पैसा त्याला मिळाला तो बॉयलरमध्ये. छोट्या कारखान्यांना परवडेल असा आणि सहसा न फुटणारा वेटोळ्या नळ्यांचा बॉयलर त्याने काढला आणि बर्लिनमध्ये स्वतःचा कारखाना टाकला. कारखानदार झाल्यावर त्याने आणखी एक उद्योग केला, जो तेव्हाच्या मालक मंडळींना अजिबात रुचणारा नव्हता. १८९० मध्ये नफ्यातला चौथा हिस्सा कामगारांना द्यायला सुरुवात केली. इतकंच नाही, बर्लिनच्या कामगार वस्तीतल्या एका नाटक कंपनीत पैसे घातले, तिकीट स्वस्त करवलं, स्वतः नाटक लिहिलं आणि कधीमधी तोंडाला रंग लावून उभाही राहिला. असा मालक कामगाराच्या नशिबी क्वचित येतो.

कारखाना रुळावर आला आणि कपाट उघडलं. १८८९ मध्ये त्याने पक्ष्यांचं उडणं हा उडण्याच्या कलेचा पाया कसा आहे, हे सांगणारं पुस्तक पदरच्या पैशाने काढलं. हजार प्रती छापल्या. त्या त्याच्या हयातीत संपल्या नाहीत. पुढे हेच पुस्तक उडू बघणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर गेलं.

पुस्तक लिहून तो थांबला असता तर आज त्याच्यावर लेख लिहायची वेळ आली नसती. पण लिलिएन्थालचं म्हणणं होतं की उडणं कागदावर सुटणारं गणित नाही. पोहणं जसं पाण्यात उतरल्याशिवाय येत नाही, तसं उडणं हवेत गेल्याशिवाय येत नाही. १८९१ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, चार पोरांचा बाप असलेला हा कारखानदार पॉट्सडॅमजवळच्या डेरविट्झ गावी टेकाडावर चढला. वेताच्या काड्यांचा सांगाडा, वर सुती कापड. त्यात हात अडकवून तो उतारावरून पळाला आणि उचलला गेला. सुमारे पंचवीस मीटर गेला.

पंचवीस मीटर म्हणजे एस.टी.च्या दोन गाड्या मागेपुढे लावल्या तर होणारं अंतर. पण माणूस पंखांच्या जोरावर ते ठरवून कापत होता, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कापत होता. त्याआधीही काहींनी असल्या उड्या मारल्या होत्या, एखाद्-दुसरी साधलीही. लिलिएन्थालने त्याचा सराव केला. पुढच्या पाच वर्षांत सुमारे दोन हजार उड्या. राइन्नोव्हच्या टेकड्यांवरून तो अडीचशे मीटरपर्यंत जाऊ लागला.

रोज लांब जाणं परवडेना म्हणून १८९४ मध्ये त्याने बर्लिनलगतच्या लिश्टरफेल्डेला स्वतःच्या खर्चाने टेकडीच उभी केली. वीटभट्टीच्या टाकाऊ मातीची, पंधरा मीटर उंच, माथ्यावर ग्लायडर ठेवायला खोली. टेकडी चहूबाजूंनी उतरती, म्हणजे वारा कुठूनही आला तरी त्याला तोंड देऊन पळता यावं. करकोच्याचा धडा. रविवारी बर्लिनकर डबे घेऊन बघायला यायचे. फोटोग्राफीचं तंत्र नेमकं तेव्हाच इतकं सुधारलं होतं की हवेतल्या माणसाचा स्पष्ट फोटो निघू लागला, आणि पंख लावलेल्या या दाढीवाल्या माणसाचे फोटो जगभरच्या मासिकांत झळकले. आजच्या भाषेत, तो व्हायरल झाला.

आणि इथून माल सीमेपार जायला लागला.

फोटो बघून लोक विचारणा करू लागले की आम्हालाही असं यंत्र मिळेल का. लिलिएन्थालने आपल्या अनेक नमुन्यांतला सगळ्यात भरवशाचा निवडला. पंखांचा पसारा सहा मीटर सत्तर सेंटिमीटर, क्षेत्रफळ तेरा चौरस मीटर, वजन वीस किलोच्या आसपास. पंख छत्रीसारखे मिटायचे, त्यामुळे ते रेल्वेत घालता येत होतं. जर्मनीत १८९३ मध्ये आणि अमेरिकेत १८९५ मध्ये पेटंट घेतलं. बॉयलरच्या त्याच कारखान्यात ही यंत्रं बनू लागली. किंमत ५०० मार्क, म्हणजे साध्या कामगाराचा कित्येक महिन्यांचा पगार. एकाच नमुन्याची, ठरलेल्या किमतीला, मागणीप्रमाणे बनवून विकलेली ही जगातली पहिली उडती यंत्रं. किमान नऊ गिऱ्हाइकांची माहिती आज आहे.

गिऱ्हाइकं कोण होती ते बघा. मॉस्कोहून निकोलाय झुकोव्स्की आले, बर्लिनमध्ये उड्डाण बघितलं आणि एक यंत्र घेऊन गेले. पुढे रशियात विमानशास्त्राचा पाया घालणारे ते हेच. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या जॉर्ज फिट्झजेराल्ड या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने एक मागवलं आणि कॉलेजच्या मैदानावर स्वतः त्यात घुसून धावला. सापेक्षतावादाच्या गोष्टीत ज्याचं नाव येतं तो हाच फिट्झजेराल्ड. ग्लासगोचा तरुण पर्सी पिल्चर लिलिएन्थालकडे येऊन प्रत्यक्ष उडायला शिकला आणि यंत्र घेऊन गेला. अमेरिकेत वर्तमानपत्रांचा सम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याने १८९६ मध्ये एक विकत घेतलं. त्याला उडण्यात रस कमी आणि बातमीत जास्त. न्यू जर्सीच्या एका खेळाडूला त्यात चढवून उडवलं आणि बातमी छापली.

या विक्रीत एक अडचण होती. यंत्र पेटीत भरून पाठवता येत होतं, पण ते चालवायचं कसब पेटीत भरता येत नव्हतं.

लिलिएन्थालच्या यंत्राला सुकाणू धरायचा दांडा नव्हता. पंखांच्या मधल्या खाचेत तो कोपरांवर लटकायचा आणि कमरेखालचं अंग लोंबकळत असायचं. डावीकडे वळायचं तर पाय डावीकडे फेकायचे. नाक खाली घालायचं तर पाय पुढे. शरीराचं वजन हेच सुकाणू. आपल्या पिंप्राळ्याचा रथ आषाढी एकादशीला निघतो. जळगावचे रथ ज्यांनी जवळून पाहिले त्यांना चाकाखाली लावायची मोगरी माहिती असेल. एवढा अवाढव्य रथ, आणि तो वळणार लाकडाच्या एका ठोकळ्यावर. ती कुठे, कधी, किती लावायची हे पुस्तकात नसतं, लावणाऱ्याच्या हातात असतं. लिलिएन्थालचे पाय म्हणजे त्याची मोगरी होती. हजारो वेळा पळून त्याच्या अंगात जे मुरलं होतं ते पाचशे मार्क मोजणाऱ्याला मिळणार नव्हतं.

हे त्याला कळत होतं. घाईने उंचावर जाऊ नका, आधी छोट्या उतारावर मंद वाऱ्यात सराव करा, असं तो सांगत राहिला. स्वतःसाठी त्याने वेताची एक कमान यंत्राच्या पुढे बसवली होती, नाकावर आपटलं तर धक्का तिने खावा म्हणून. एकदा तिने जीव वाचवलाही. पण नियम करणारं कुणी नव्हतं. ग्लायडर विकायला परवाना नव्हता, घ्यायला नव्हता, उडवायला नव्हता. आपल्याला आज कागदपत्रांचा वैताग येतो, तो येणं साहजिक आहे. पण १८९५ मध्ये कागद शून्य होते आणि सगळा भरवसा एका माणसाच्या सांगण्यावर होता.

९ ऑगस्ट १८९६, रविवार. लिलिएन्थाल नेहमीप्रमाणे राइन्नोव्हजवळच्या श्टोल्न गावी गेला. गोलेनबर्ग नावाची टेकडी. सोबत मदतनीस पाउल बायलिख. ऊन चांगलं होतं. आदल्याच रविवारी अमेरिकेचा एक भौतिकशास्त्रज्ञ, रॉबर्ट वुड, येऊन त्याच्या उड्या बघून गेला होता आणि स्वतःही करून गेला होता. त्या दिवशीचं यंत्र नवीन प्रयोगाचं नव्हतं. गिऱ्हाइकांना विकायचा तोच नेहमीचा, भरवशाचा नमुना.

पहिल्या उड्या बऱ्या झाल्या. मग एका उडीत मध्येच यंत्र हवेत जवळजवळ थांबलं. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर उठते, खानदेशात हे सांगायची गरज नाही. अशा झोताने पंखाचं नाक वर उचललं गेलं असावं. नाक फार वर गेलं की पंखावरून वाहणारी हवा सुटते आणि पंख उचलायचं सोडून देतो. लिलिएन्थालने पाय फेकले, अंग पुढे झोकलं. पण कोपरांवर लटकलेला माणूस आपलं वजन हलवून हलवून हलवणार किती? सुमारे पंधरा मीटरवरून यंत्र खाली कोसळलं.

सुरुवातीला तो शुद्धीवर होता. पण मानेचा मणका मोडला होता. गावात नेलं, दुसऱ्या दिवशी रेल्वेने बर्लिनला बर्गमन यांच्या दवाखान्यात पोचवलं. १० ऑगस्टला तो गेला. वय ४८. त्याच्या तोंडी शेवटचे म्हणून जे शब्द घातले जातात ते त्याच्या थडग्यावर कोरले गेले आहेत, पण ते तो त्या क्षणी बोलला याला भक्कम पुरावा नाही, म्हणून इथे देत नाही.

त्या वेळी जगात त्याचे ग्लायडर निरनिराळ्या देशांत पडून होते. बनवणाराच त्यात मेला म्हटल्यावर काय झालं असेल? एका माणसाने तरी हात आखडला नाही. पर्सी पिल्चर. त्याने स्वतःचे नवे ग्लायडर बनवले, पुढे इंजिन बसवायची तयारी केली. ३० सप्टेंबर १८९९ ला इंग्लंडमध्ये पाहुण्यांसमोर उडताना त्याचं यंत्र मोडलं आणि दोन दिवसांनी तोही गेला. वय ३२.

मृत्यूची बातमी अमेरिकेत ओहायोमधल्या डेटन गावीही पोचली. तिथे दोन भावांचं सायकलचं दुकान होतं. राइट बंधूंचं लक्ष उडण्याकडे पुन्हा वळलं ते या बातमीने. त्यांनी लिलिएन्थालचे आकडे घेऊन ग्लायडर बनवला, तो अपेक्षेइतका उचलेना. १९०१ मध्ये त्यांना वाटलं की आकडे चुकीचे आहेत. मग स्वतः हवेचा बोगदा बनवून मोजलं, तेव्हा लक्षात आलं की मोठी चूक एका जुन्या गुणकाची होती, लिलिएन्थालचे आकडे बरेचसे बरोबर होते.

त्याहून मोठा धडा त्यांनी त्याच्या मरणातून घेतला. विल्बर राइटने हिशेब मांडला की पाच वर्षांत मिळून लिलिएन्थाल हवेत जेमतेम पाच तास होता. उड्या दोन हजार, पण प्रत्येक काही सेकंदांची. एवढ्या कमी वेळात कुठलीही विद्या अंगी मुरत नाही. आणि नुसतं वजन हलवून तोल सांभाळणं पुरणार नाही, पंखच वळवता आले पाहिजेत. हे त्यांनी केलं आणि १७ डिसेंबर १९०३ ला इंजिनाचं विमान उडालं.

मग वजन हलवून उडण्याची विद्या संपली का? नाही. साठ-सत्तर वर्षांनी ती परत आली. अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलोने १९४८ मध्ये कापडी लवचिक पंख काढला, १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन डिकन्सनने त्याखाली त्रिकोणी दांडा आणि माणूस टांगायची सोय केली. आजचा हँग ग्लायडर तो हाच. फरक असा की माणूस कोपरांवर नाही तर पट्ट्यांनी टांगलेला असतो, त्यामुळे त्याचं सगळं अंग पुढेमागे सरकतं. लिलिएन्थालला त्या रविवारी जेवढं सरकता आलं नाही तेवढं.

मग त्याचा ग्लायडर मुळातच वाईट होता का? २०१६ मध्ये जर्मनीच्या हवाई संशोधन संस्थेने आंक्लामच्या संग्रहालयात बनवलेली त्याची हुबेहूब नक्कल हवेच्या बोगद्यात तपासली. यंत्र बऱ्यापैकी स्थिर निघालं. म्हणजे विकलेला माल खोटा नव्हता, ही त्याच्या नावावरची शंका सव्वाशे वर्षांनी फिटली. विकलेल्यांपैकी काही मूळ यंत्रं अजून आहेत. हर्स्टचं वॉशिंग्टनला आहे, झुकोव्स्कीचं मॉस्कोला, आणखी एक लंडनला.

मागे राहिलेल्या आग्नेसचे दिवस ओढगस्तीत गेले. गुस्ताव १९३३ मध्ये मरेपर्यंत पंख फडफडवून उडणाऱ्या यंत्राच्या मागे लागला होता, ते काही उडालं नाही. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्व जर्मनीच्या विमान कंपनीने एक जुनं चार इंजिनांचं इल्युशिन विमान श्टोल्नला, त्याच टेकडीच्या पायथ्याशी, जेमतेम ९०० मीटरच्या गवताळ पट्टीवर उतरवलं आणि कायमचं तिथे ठेवलं. त्याचं नाव लेडी आग्नेस. आता त्यात संग्रहालय आहे आणि लोक तिथे लग्नही नोंदवतात. ओट्टोचं नाव बर्लिनच्या टेगल विमानतळाला दिलं होतं, तो २०२० मध्ये बंद पडला. बायकोच्या नावाचं विमान मात्र आहे तिथेच आहे.

आता परत पिंप्राळ्याच्या खोक्याकडे. १९३४ च्या आपल्या विमान कायद्यात विमानाची जी व्याख्या होती त्यात ग्लायडर होता, फुगा होता आणि चक्क पतंगही होता. हवेच्या आधाराने तरंगणारी वस्तू ती विमान, असा सरळ हिशेब. बनवणं, बाळगणं, विकणं, आयात-निर्यात, सगळं त्या कायद्याखाली. १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. म्हणजे ज्या गोष्टीवर १८९५ मध्ये एक ओळही लिहिलेली नव्हती, त्यावर आज कलम आहे, उपकलम आहे आणि आठ आकडी नंबर आहे.

आणि शिकायचं असेल तर खोका मागवण्याआधी दुसरा रस्ता आहे. इंजिनाशिवाय उडणं शिकवणारं सरकारी ग्लायडिंग सेंटर पुण्यात हडपसरला आहे, पॅराग्लायडिंगवाले कामशेतला जातात. इंजिनाचं विमान शिकायचं तर जळगावच्या विमानतळावर वैमानिक प्रशिक्षणाची सोय २०२१ मध्ये केंद्राने निवडलेल्या पाच विमानतळांच्या यादीत आली. सकाळी शेतात पाणी द्यायला गेलात की डोक्यावर घिरट्या घालणारं ते छोटं विमान दिसेल. आत बसलेल्या पोराच्या शेजारच्या सीटवर शिकवणारा असतो.

लिलिएन्थालच्या शेजारी कुणी नव्हतं.